तळ्याखालच्या अकरा पट्ट्या

आमच्या ऑफिसच्या खाली कॉफी दळून देणारं दुकान होतं. बसवनगुडीतल्या त्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आम्ही नकाशे करायचो आणि खाली दिवसातून तीन-चार वेळा दळणाचं यंत्र सुरू व्हायचं. यंत्र सुरू झालं की आमची फरशी थरथरायची, फरशीबरोबर डिजिटायझरचं टेबल थरथरायचं आणि टेबलाबरोबर माझा हात. भेटायला येणारे लोक जिन्यातच छाती भरून वास घेत आणि वर येऊन म्हणत, काय नशीबवान आहात. आम्हाला त्या वासाचा राग यायचा. वास आला म्हणजे रेघ बिघडली.

रेघ म्हणजे शेताची हद्द. नव्वदीची शेवटची वर्षं होती ती. गावनकाशाची मोठी प्रत चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून टेबलावर पसरायची, भिंग आणि फुली असलेलं माऊससारखं यंत्र हातात धरायचं, फुली बांधावर आणायची, बटण दाबायचं, पुढे सरकायचं, पुन्हा दाबायचं. एक शेत फिरून झालं की शेजारचं. दोन शेतांमधला बांध एकच असतो, पण तो असा दोनदा गिरवला जायचा, आणि दोनदा गिरवलेली रेघ कधीच एकावर एक नीट बसत नाही. मध्ये बारीक, लांबट फटी राहतात. कॉम्प्युटरला त्या फटीसुद्धा शेतंच वाटतात. लाकूड तासताना पडतात तशा त्या दिसायच्या, म्हणून आम्ही त्यांना ढलप्या म्हणायचो. गाव गिरवून झालं की ढलप्या साफ करायच्या. अमुक आकाराहून लहान असलेला प्रत्येक तुकडा शेजारच्या मोठ्या तुकड्यात मिळव, असा हुकूम कॉम्प्युटरला द्यायचा. आकार किती धरायचा ते टेबलावर बसलेल्याने ठरवायचं. खाली दळण जास्त चाललेलं असेल त्या दिवशी ढलप्या जाड निघायच्या आणि आकडा वाढवावा लागायचा.

हे सगळं मातीसाठी होतं. शहराच्या पश्चिमेला, मागडीच्या बाजूच्या पाच गावांतली माती तपासायची होती. कोणत्या शेतातून नमुना घ्यायचा, कुठे एक, कुठे तीन, याची आखणी आमच्याकडे होती. एका थरावर शेतं, दुसऱ्यावर मातीचे प्रकार, तिसऱ्यावर जमिनीचा उतार. हे थर पडद्यावर एकमेकांवर ठेवायचे आणि प्रत्येक शेतात ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे नमुना आणि नमुना म्हणजे शेतकऱ्याच्या हातात माती-पत्रिका. ठिपका नाही तर पत्रिका नाही, इतकं ते सरळ होतं.

मी तिथे भूगोलाची पदवी घेऊन लागले होते, पण खरं सांगायचं तर मी वाढले पत्रकांवर. आमचे पूर्वज कधीतरी मराठ्यांच्या घोडदळामागून इकडे आले आणि इथेच राहिले. घरात मराठी बोलायची, तीही निम्मी कानडी झालेली, आणि उंबरा ओलांडला की सगळी कानडीच. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते एका कारखान्यात लेथवर काम करायचे आणि युनियनची पत्रकं लिहायचे. आधी मराठीत, कारण डोकं मराठीत चालायचं, मग कानडीत. बनशंकरीच्या आमच्या दोन खोल्यांत ओल्या शाईचे कागद खाटेवर, ट्रंकेवर, तांदळाच्या डब्यावर वाळत असायचे. मराठी अक्षरं आईने मला अंकलिपीतून शिकवली. कानडी अक्षरं मी त्या कागदांवरून शिकले, त्यामुळे कमळाच्या आधी मला कपात हा शब्द लिहिता आला.

अण्णांचा एक नियम होता. आरोप केला तर नाव लिहायचं. ज्याच्यावर आरोप आहे त्याचं, आणि खाली लिहिणाऱ्याचं. बिननावाच्या कागदाला ते पत्रक म्हणत नसत, कुरकुर म्हणत.

ऑफिसात माझ्याजवळ मराठी बोलणारा एकच होता, पुण्याहून आलेला, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा सहकारी. मी दर आठवड्याला कशावरून तरी भांडायचे, म्हणून तो मला कॉम्रेड म्हणायचा. नकाशावरची गावांची आणि ओढ्यांची नावं फक्त इंग्रजीत का, कानडीत का नाहीत, यावर मी भांडले. जीपीएसवरून तर मी घरी येऊन एक आख्खं पत्रक लिहिलं होतं. त्या काळी हातात धरायच्या जीपीएसने दाखवलेली जागा खऱ्या जागेपासून शेत-दीडशेत लांब असू शकायची, कारण ज्यांचे उपग्रह होते त्यांनी आपल्यासारख्यांसाठीचा सिग्नल मुद्दाम ढिला ठेवलेला होता. स्वतःच्या शेतात उभ्या असलेल्या बाईला ती कुठे उभी आहे ते नीट कळू द्यायचं नाही, हे दुसऱ्या खंडात बसून कोणीतरी ठरवतं, असं मी लिहिलं होतं. अण्णांनी ते दोनदा वाचलं आणि बरं आहे, पण वाटणार कुठे, असं विचारलं.

मोठं भांडण झालं ते ठिपक्यांवरून. आधीची आखणी अशी होती की गावावर चौकटी टाकायच्या आणि प्रत्येक चौकटीत एक ठिपका. झटपट होणारं काम. पण चौकट टाकली की मोठ्या शेतात पाच-सहा ठिपके पडतात आणि लहान शेत दोन ठिपक्यांच्या मधे राहून जातं. मी सरांच्या समोर जाऊन उभी राहिले. सर म्हणजे आमचे मुख्य. आयुष्यभर माती-सर्वेक्षणात काढून निवृत्त झालेले, हळू बोलणारे कानडी गृहस्थ. मी त्यांना म्हटलं की ही आखणी जमिनीची नाही, मालकीची आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि मग कशी हवी असं विचारलं. प्रत्येक शेताला निदान एक ठिपका, मी म्हटलं. प्रयोगशाळा ठरावीक पिशव्याच घेणार होती, त्यामुळे त्यांनी मोठ्या शेतांतले काही ठिपके स्वतः कमी केले आणि माझी आखणी मान्य केली. त्या संध्याकाळी मी घरी येऊन अण्णांना सगळं सांगितलं. ते आईला म्हणाले, आज हिला स्वल्प तूप जास्त वाढ.

एप्रिलमध्ये नकाशे छापून झाले आणि नमुने गोळा करणाऱ्या जीपबरोबर मी पहिल्या गावात गेले. माझे ठिपके खऱ्या जमिनीवर बघायची मला घाई झाली होती. गावात आधीच दवंडी दिली होती की माती न्यायला माणसं येणार आहेत, तोवर शेतात खत पसरू नका. खत पडल्यावर घेतलेला नमुना खताचा असतो, मातीचा नसतो. त्यामुळे शेताशेताच्या कडेला शेणखताचे ढीग थांबून राहिले होते.

दिवसभरात काम छान झालं. जीप परत निघायच्या बेतात असताना पन्नाशीची एक बाई तळ्याच्या बांधावरून उतरून आली. पदर कमरेला खोचलेला, हातात विळा. तिने विचारलं की आमच्याकडे कधी येणार. मी विचारलं, तुमचं शेत कुठे, अक्का. तिने मागे हात केला. तळ्याच्या बांधाखाली आठ-दहा पावलं रुंदीच्या लांबच लांब पट्ट्या होत्या, एकीला लागून एक, अशा अकरा. गावाबाहेरच्या वस्तीतल्या अकरा घरांना त्या कधीतरी सरकारने वाटून दिल्या होत्या. प्रत्येकीच्या टोकाला खताचा एकेक ढीग होता.

तिने मला सगळं सांगितलं. तिला रागी, म्हणजे नाचणी, सोडून तुती लावायची होती. रेशमाचे किडे पाळायला सून तयार होती, घरात जागा होती. पण तुतीच्या काड्या रेशीम खात्याकडून मिळायच्या आणि खातं माती-पत्रिका बघितल्याशिवाय काड्या देत नव्हतं. तळ्याखालच्या जमिनीत खार वर येतो, म्हणून आधी तपासणी. जूनच्या आत लावणी झाली नाही तर वर्ष गेलं.

मी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला. तिला अक्षरं वाचता येत नव्हती, पण तळं तिने आकारावरूनच ओळखलं. बोट ठेवत ठेवत ती पुढे गेली. हा सांडवा. ही वाट. ही नारळाची बाग. मग तिचं बोट थांबलं. नकाशात नारळाची बाग थेट तळ्याच्या बांधाला भिडली होती. मधे काहीच नव्हतं.

"आम्ही बागेत गेलो का?" तिने विचारलं.

बाग गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदाराची होती. त्याच दुपारी त्याने आम्हाला शहाळी पाजली होती, आणि मी ती प्याले होते. मी तिला म्हटलं की मी बघते, चार दिवस थांब, खत पसरू नकोस. ती म्हणाली, सरी, म्हणजे बरं. पण ते सरी अशा माणसाचं होतं, जो नुसते शब्द ऐकून घेतो आणि निघून जातो.

जीपमध्येच माझं पत्रक सुरू झालं. शीर्षक आधी सुचलं: तळ्याखालच्या अकरा पट्ट्या कोणी गिळल्या? नारळवाल्याने तालुका कचेरीतल्या कुणालातरी हाताशी धरलं, मूळ नकाशातच पट्ट्या बागेत ढकलल्या आणि आता मातीच्या तपासणीच्या नावाखाली ते पक्कं होणार. मला सगळी साखळी स्पष्ट दिसत होती. त्या वयात मला साखळ्या फार लवकर दिसायच्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अण्णा सकाळी पायरीवर पेपर वाचत बसले होते, मी त्यांच्या हातात चार पानं ठेवली. ते कानामागची पेन्सिल काढून वाचू लागले. नेहमी ते चार-पाच ठिकाणी खुणा करत. त्या दिवशी त्यांनी एकच केली, शीर्षकातल्या 'कोणी'भोवती गोल.

"कोणी?" ते म्हणाले.

"नारळवाल्याने. लिहिलंय ना."

"तू पाहिलंस?"

"अण्णा, नकाशाच सांगतोय."

"नकाशा बोलत नाही, पोरी. तो कोणीतरी काढतं. हा कोणी काढला?"

मी म्हटलं की आम्ही काढला, पण मूळ नकाशावरून. मग मूळ नकाशा बघितलास का, त्यांनी विचारलं. तो मी पुन्हा काढून बघितला नव्हता. त्यांनी पानं नीट घडी करून परत दिली. नाव मिळव, मग मी स्वतः छापून आणतो, म्हणाले. आणि पुन्हा पेपर उघडला. मला त्यांचा राग आला. कारखान्यातून निवृत्ती जवळ आली म्हणून माणूस मवाळ झाला, असं मनात येऊन गेलं. ते इथे लिहिते, कारण त्या आठवड्यात मी ज्यांच्याबद्दल चूक केली त्यांतले ते एक.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले. कपाटातून गावनकाशाची प्रत काढून टेबलावर पसरली. तळं, बांध आणि बांधाखाली अकरा बारीक समांतर रेघा. पट्ट्या होत्या. प्रत्येकीवर मुंगीएवढा नंबर होता. म्हणजे कचेरीत कुणी काही केलेलं नव्हतं.

फ्लॉपीवरची कच्ची फाईल उघडली, गिरवल्यावरची, साफ करण्याआधीची. त्यातही पट्ट्या होत्या. साफ केलेली फाईल उघडली. बाग आणि तळं, मधे काही नाही. प्रत्येक फाईलबरोबर कॉम्प्युटर एक नोंद ठेवायचा, कोणत्या तारखेला कोणत्या वेळी कोणता हुकूम दिला त्याची. मी ती नोंद वाचली. ढलप्यांचा आकडा नेहमीच्या तिप्पट धरलेला होता आणि हुकूम एकदा नाही, लागोपाठ तीनदा दिलेला होता. तारीख मार्चमधली. कॉम्प्युटरशेजारी दोरीने बांधलेली एक वही असायची, कोण कधी बसलं ते लिहायची. त्या तारखेपुढे माझी सही होती.

मग तो दिवस आठवला. खालच्या दुकानात लग्नाच्या मोठ्या ऑर्डरी होत्या आणि यंत्र सकाळपासून थांबत नव्हतं. ढलप्या इतक्या निघाल्या की पडदा खरवडल्यासारखा दिसत होता. मी आकडा वाढवला. तरी काही उरल्या, म्हणून पुन्हा चालवलं, पुन्हा चालवलं, लहान तुकडे शून्य असं पडद्यावर येईपर्यंत. शून्य आल्यावर मी समाधानाने खाली जाऊन कॉफी प्याले होते. त्या नकाशाच्या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे शेतातली दहा पावलं. पट्ट्या एक मिलिमीटर रुंद होत्या. माझ्या हाताची थरथरही तेवढीच.

लहान शेताला निदान एक ठिपका, म्हणून मी भांडले होते ते त्याच्या पुढच्या आठवड्यात. तेव्हा या अकरा पट्ट्या माझ्याच हाताने नाहीशा झालेल्या होत्या.

पुण्याचा सहकारी डबा ठेवायला आला, माझ्या खांद्यावरून त्याने पडदा बघितला आणि त्याच्या लगेच लक्षात आलं. तो तसा चांगला माणूस आहे.

"अगं, टेन्शन कशाला घेतेस? रॉ फाईल आहे ना. अर्ध्या तासात परत क्लीन करू, नवीन प्रिंट काढू. कोणाला कळतंय?"

"आणि नमुने?"

"ते सेकंड राउंडमध्ये टाकू."

"दुसरी फेरी पावसाळ्यानंतर आहे."

त्याने डबा टेबलाखाली ठेवला. मग म्हणाला, "कॉम्रेड, सरांना सांगायचंच असेल तर निदान डिजिटायझर हलतो असं तरी सांग. खोटं नाहीये ते."

खोटं नव्हतंच. म्हणूनच मोह झाला. सर येईपर्यंतच्या पाऊण तासात मी ते वाक्य मनात अनेकदा म्हणून पाहिलं. टेबल हलत होतं. यंत्र चालू होतं. लग्नसराई होती. पिशवीत कालच्या पत्रकाची चार पानं होती, 'कोणी'भोवती गोल काढलेली.

सर आले. मी दोरी सोडून वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली आणि म्हटलं की तळ्याखालच्या अकरा पट्ट्या मी पुसल्या. कशा, तेही सांगितलं. मी शेवटी टेबल हलतं हेही म्हटलं, राहवलं नाही. त्यावर ते म्हणाले की टेबल वर्षभर हलतंय, ते त्यांनाही माहीत आहे. मग त्यांनी असा प्रश्न विचारला जो मला सुचलाच नव्हता.

"हाच आकडा धरून बाकीची गावं किती साफ केलीस?"

दोन. मी आणखी दोन गावं तशीच साफ केली होती, कारण तो आकडा इतका छान चालला होता. आम्ही दिवसभर कच्च्या आणि साफ फाईली एकमेकींवर ठेवून बघितल्या. एका गावात काही गेलं नव्हतं. दुसऱ्यात ओढ्याकाठची चार शेतं गेली होती. त्या गावी जीप अजून पोचायची होती, तिथला नकाशा तेवढ्यात बदलता आला. पहिल्या गावाचं मात्र काम संपलेलं होतं. जीप आठवडाभर दुसरीकडे अडकली होती आणि प्रयोगशाळेत त्या गावाच्या पिशव्या गुरुवारी द्यायच्या होत्या. सरांनी कॅलेंडर बघितलं, अकरा कापडी पिशव्या मोजून माझ्यापुढे ठेवल्या आणि बसने जा म्हणाले. माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर मला भांडता आलं असतं.

मंगळवारी सकाळी मार्केटहून बस धरली. सहकारी बरोबर आला. मी बोलावलं नव्हतं. प्लास्टिकची बादली, खुरपं, पिशव्या आणि जीपीएस घेऊन तो खिडकीशी बसला आणि वाटेत एकदाच म्हणाला की आयटी म्हणजे एसी ऑफिस असतं असं घरी सांगून आलोय.

गाव आलं. बाई पट्टीतच होती. फावड्याने खत पसरत होती. निम्म्या पट्टीवर काळा थर बसलेला होता आणि उरलेली निम्मी अजून तांबडी होती. आम्हाला बघून ती थांबली, पण फावडं खाली ठेवलं नाही.

मी म्हटलं, अक्का, मी थांबायला सांगितलं होतं.

ती म्हणाली की शनिवारपासून थांबले, नकाशात नसलेल्या बाईने किती थांबायचं. बैलांची तिची पाळी याच आठवड्यात होती, नांगरटीआधी खत पसरून व्हायला हवं होतं. बाकीच्या दहा जणांचे ढीग तसेच होते. त्यांचे बैल तिच्या नंतर येणार होते, एवढंच.

मी नवीन छापलेला नकाशा उघडला आणि पट्ट्या दाखवल्या. तिने एकेक मोजल्या. मग विचारलं की आधी कुठे गेल्या होत्या, बागवाल्याने घेतल्या होत्या का.

"नाही," मी म्हटलं. "त्याने काही केलं नाही. मी पुसल्या. कॉम्प्युटरवर काम करताना लहान म्हणून पुसून टाकल्या. मला वाटलं, चुकीच्या रेघा आहेत."

सहकारी जीपीएसच्या बटणांत मग्न झाला.

"लहान म्हणून," ती म्हणाली.

"हो."

"आता लिही. माझ्यासमोर लिही, कोणाची कुठली. नाव बघितल्यावर पुसायला हात धजणार नाही."

मी बांधावर बसले. नकाशावर पेनाने, एक मिलिमीटरच्या पट्टीतून बाण बाहेर काढून, ती सांगेल तशी अकरा नावं कानडीत लिहिली. तिसऱ्या पट्टीचा म्हातारा वारला होता, तर तिने त्याच्या सुनेचं नाव लिहायला लावलं आणि वस्तीतून तिला बोलावून खात्री करून घेतली. तोवर सहकाऱ्याने जीपीएस सुरू केलं होतं. यंत्राच्या मते आम्ही तळ्यात उभे होतो, काठापासून बरेच आत. मी ते बाईला सांगितलं.

"मासे आहेत का, विचार त्याला," ती म्हणाली. तिसऱ्या पट्टीची सून तोंडाला पदर लावून हसली आणि मग आम्हीही हसलो. यंत्र पिशवीत गेलं. पट्टीची हद्द म्हणजे चुना लावलेले दगड होते, ते तिने पायाने दाखवले.

नमुना घ्यायचा म्हणजे शेतात नागमोडी चालायचं, आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा खड्डा करायचा, कडेची पातळ माती तासून बादलीत टाकायची. सगळी माती फडक्यावर एकत्र करायची, गोल पसरायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा एकत्र. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. चिठ्ठी पेन्सिलने लिहायची, शाई ओलीने पसरते. दहा पट्ट्या नीट झाल्या. बाईच्या पट्टीत मी खताच्या कडेपासून पाच पावलं सोडून उरलेल्या भागातूनच माती घेतली. सहकारी म्हणाला की वरचा थर बाजूला करून पलीकडूनही घेऊ, कळणार नाही. मी नको म्हटलं. चिठ्ठीवर लिहिलं: फक्त पूर्वेकडची अर्धी पट्टी. बाईलाही तसंच सांगितलं, की पत्रिका येईल ती या अर्ध्याची असेल, त्या अर्ध्याबद्दल मला काही सांगता येणार नाही. तिने मान हलवली.

गुरुवारी पिशव्या वेळेवर पोचल्या. रविवारी मी अण्णांना नाव मिळाल्याचं सांगितलं. ते म्हणाले, मग छापायचं का? मी तयार होते, सरांसमोर वही उघडून ठेवली तेव्हापासून तयार होते. त्यांनी विचार केला आणि म्हणाले की हे पत्रक वाचायची गरज एकाच खोलीतल्या माणसांना आहे, एक प्रत पुरे. ती प्रत मी सोमवारी डिजिटायझरच्या वरच्या भिंतीवर लावली, कानडीत आणि इंग्रजीत: साफ करण्याआधी आणि नंतर शेतं मोजा, गावच्या नोंदवहीतल्या आकड्याशी ताडून बघा, तीन गावं साफ करताना हे केलं नाही, त्यात पंधरा शेतं गेली. खाली माझं नाव. दोन दिवसांनी त्याखाली सहकाऱ्याने बारीक अक्षरात कॉम्रेड असं लिहिलं. ते मी राहू दिलं.

त्यानंतर दळण सुरू झालं की आम्ही हात उचलून बसायचो. खाली यंत्र थांबेपर्यंत कोणी ना कोणी नोंदवही घेऊन शेतं मोजायचं, आणि मोठ्याने मोजायचं, कारण यंत्राच्या आवाजात मनातल्या मनात मोजता येत नसे.

वर्षभराने दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला जाणं झालं. मी बसमधून उतरून तळ्याकडे गेले. पट्ट्यांपैकी पाचांत तुती उभी होती, कमरेएवढी. बाईच्या पट्टीत ती मधोमध थांबली होती. दोरी लावून कापावी तशी. पूर्वेला तुती आणि तिथून पश्चिमेला रागीची खुंटं. बाई खुंटं उपटत होती. पत्रिकेत खार कमी निघाला होता, खात्याने काड्याही पूर्ण पट्टीला पुरतील एवढ्या दिल्या होत्या, असं तिने सांगितलं. मग अर्ध्यातच का लावली, मी विचारलं.

"कागद तेवढ्याचाच होता ना," ती म्हणाली. "तूच सांगितलंस."

मी तिथे उभी राहून ती रेघ बघत राहिले. कुठल्याही नकाशात नसलेली, माझ्या चिठ्ठीवरच्या एका ओळीने पाडलेली. मी म्हटलं, या खेपेला त्या अर्ध्याची माती नेते. पिशवी होतीच माझ्याकडे. तिने आधीच सगळं ठरवलेलं होतं. खताचा ढीग तिने पट्टीत न आणता लांब, वाटेपलीकडे ठेवला होता.

माती घेऊन झाली, चिठ्ठी लिहिली. मी नकाशा काढलेला बघून ती जवळ आली आणि तिच्या पट्टीवर बोट ठेवलं, जिथे तुती संपत होती तिथे.

"ही रेघ यात घालू नकोस," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी ती मी पुसणार आहे."